पॉडकास्टमध्ये चुकीचं विज्ञान सांगून बसलेय. भाग उडवू की ठेवू?

सड्यावरची_बाई · १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या दिवाळीपासून मराठीतून विज्ञानाचं एक छोटं पॉडकास्ट करते. महिन्याला दोन भाग, प्रत्येकी वीस मिनिटं. स्टुडिओ म्हणजे आमचं माजघर. दोरीवर दोन गोधड्या टाकायच्या, मध्ये पाटावर बसायचं, कॉलर माईक पदराला लावायचा. पावसाची सर पत्र्यावर आली की बंद. जुलैतला एक भाग या भानगडीत चार रात्री चालला होता. एका भागात मागे बेडूक ऐकू येतात, ते मी काढलेच नाहीत.

आता मूळ दुखणं. १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा करतात, म्हणून आधीच त्यावर भाग केला. त्यात मी ठणकावून सांगितलं की १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास ग्रहण बघताना हेलियम शोधला. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवून आम्हाला हेच सांगितलं होतं. मी ते पुन्हा तपासलं नाही. तीस वर्षं मुलांना 'पडताळून बघा' म्हणत आलेली बाई मी!

भाग टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज: "बाई, लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता." बघितलं तर पोरगा बरोबर. तोवर भाग तीन व्हॉट्सॲप गटांत फिरला होता. एके ठिकाणी परिपाठाला स्पीकरवर लावला म्हणे.

आता भाग उडवू का? की ठेवून खाली दुरुस्ती लिहू? पण खाली लिहिलेलं वाचतो कोण, माणसं तर ऐकतात. आणि दुसरा प्रश्न, जो रात्री जास्त सतावतो. शिक्षक खोलीत एकजण म्हणाले, "यूट्यूबवर सगळं आहे, चित्रासकट. नुसत्या आवाजात विज्ञान ऐकतो कोण?" माझे आकडे सांगायचे तर एका भागाला साधारण चाळीस डाउनलोड, त्यात माझा भाऊच चारदा.

विजयदुर्गकर · १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

बाई, राग मानू नका, पण हे काय नवीन? आमच्या किल्ल्यावर ते ओटे आहेत, लोक दरवर्षी जमतात. आता पुण्यातली पोरं येऊन सांगणार की काही झालंच नाही? कोकणाच्या वाट्याला मुळात एवढं तेवढं येतं, तेही काढून घ्या.

रात्रीचं_आकाश · १३ ऑगस्ट, दुपारी १:०५

काढून कोणी घेत नाहीये, विजयदुर्गकर. खग्रासचा पट्टा खरोखरच तुमच्या किल्ल्यावरून गेला होता. पुढे विजापूर, गुंटूर आणि मछलीपट्टण. म्हणजे त्या दिवशी विजयदुर्गावर भरदिवसा अंधार झाला, हे कोणी नाकारत नाही. फक्त ऑगस्टात आपल्या किनाऱ्यावर ढग किती असतात ते तुम्हीच सांगा.

झालं असं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडून दिसणारा रंगांचा पट्टा, त्यांनी पाहिला, त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या दिसतात का हे त्यांनी बघितलं आणि दिसल्या. तिकडे इंग्लंडात लॉकियर स्वतंत्रपणे त्याच खटपटीत होते. २० ऑक्टोबरला त्यांनाही ग्रहणाशिवाय जमलं. दोघांचं कळवणं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचलं, म्हणून फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहण पाहणाऱ्या बहुतेकांना ती सोडियमची वाटली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. एवढ्याशा फरकावर लॉकियर अडून बसले की हे सोडियम नव्हे, हे काहीतरी नवीनच आहे. नाव सूर्यावरून, 'हेलिऑस' या ग्रीक शब्दावरून. अनेकांनी वर्षानुवर्षं विश्वास ठेवला नाही. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना पृथ्वीवरच्या एका खनिजातून तोच वायू मिळाला तेव्हा कुठे वाद मिटला.

लॉकियर भारतात आले ते १८७१ च्या डिसेंबरातल्या ग्रहणाला, केरळातल्या बेकलला. तिथेही समुद्रकाठचा किल्लाच आहे. दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली असावी असा माझा आपला तर्क. पुरावा नाही, म्हणून बाई, हे भागात सांगू नका!

सड्यावरची_बाई · १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

हे सगळं माझ्या चुकीच्या भागापेक्षा कितीतरी रंजक आहे. दीड नॅनोमीटरच्या फरकावर अडून बसलेला माणूस! आणि मी काय सांगितलं, साहेब किल्ल्यावर आला, दुर्बीण लावली, शोध लावला.

कलमवाला_देवगड · १४ ऑगस्ट, सकाळी ६:२०

भाग उडवू नका असं माझं मत. पण खाली दुरुस्ती लिहून भागणार नाही, आमच्या अनुभवावरून सांगतो.

मागे कोणीतरी तुडतुड्यांच्या फवारणीवर एक ऑडिओ गटात टाकला होता. कोणाचा ते महत्त्वाचं नाही. त्यात दहा लिटर पाण्याला आठ मिली असं सांगितलं होतं. आमचा गडी पंप पाठीला लावून, मोबाइल खिशात ठेवून ऐकत होता. त्याने ऐकलं 'साठ'. नशीब, बाटलीच्या टोपणाने मोजून घालायची त्याला सवय. टोपणं मोजता मोजता त्यालाच शंका आली आणि तो विचारायला आला. मोहरावर साठ मिली गेलं असतं तर? दुरुस्ती खाली लिहिलेली असती तरी त्याला कुठे दिसणार होती, मोबाइल खिशात.

तेव्हापासून माझं म्हणणं, आकडा दोनदा सांगावा आणि दुसऱ्यांदा वेगळ्या रीतीने. "आठ मिली, म्हणजे दोन छोटे चमचेसुद्धा नाहीत." आपल्या मराठीत तर एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही मंडळी बसलेलीच आहेत. मात्रा असेल तर ऑडिओत सांगूच नये, 'कृषी सहायकाकडून लिहून घ्या' म्हणावं.

चिपळूणची_सून · १४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

+१. आणि घाईची गोष्ट पॉडकास्टमध्ये नकोच. मी सर्पदंशावरचा एक भाग ऐकला (बाईंचा नव्हे). आधी गोडीगुलाबीच्या गप्पा, मग सापांचे प्रकार, फुरसं, घोणस, मण्यार, नाग, आणि 'बांधू नका, कापू नका, हलवू नका, थेट दवाखान्यात न्या' हे चौदाव्या मिनिटाला. ज्याला चावलंय तो चौदा मिनिटं ऐकत बसेल?

बाकी ऐकतो कोण म्हणाल तर मी ऐकते. दुपारी काजूगर सोलताना. बोटांना चीक, व्हिडिओ बघायला डोळेही मोकळे नसतात नि हातही. कान तेवढे रिकामे.

जाळीवालो · १४ ऑगस्ट, रात्री ८:५०

बाईंनू, मी मालवणचो. तुमचो भरती-सुकतीचो भाग आमी जुलयत आयकलो, मासेमारी बंदीत जाळी शिवताना. खोपीत सात-आठ जण होते. मोबायल कानाक कोण लावीत नाय, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात उभो ठेवलो काय आवाज वाडता. म्हणजे तुमच्या चाळीसात आमचो एकच धरलो असतलो, पण आयकणारे आठ होते.

तिथीच्या पाऊणकीचा तुमी सांगितलास तेवा आमचे आजे शिवणा थांबवन बसले. म्हणाले, "ह्या बायेक पाऊणकी येता, म्हणजे ही आपलीच." पण पुढे 'गुरुत्वीय आकर्षण' चार वेळा म्हटलास, थय सगळे गप. 'चंद्र पाणी ओढता' म्हणा, पुरे.

आणि आजेंनी एक इचारल्यान तेचा उत्तर भागात नाय. चंद्र एका बाजूक, तो पाणी आपल्याकडे ओढता, मान्य. मगे दिसाक भरती दोनदा कित्याक?

गणितमास्तर · १५ ऑगस्ट, सकाळी १०:१०

झेंडावंदन करून आलो नि हा धागा दिसला. पाऊणकीचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. नव्या पिढीसाठी: पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पंचांग हातात आणि पाऊणकी पाठ, की भरतीचं वेळापत्रक तयार. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेणाऱ्या मास्तरांना आम्ही शिव्या घातल्या, पण खारवी वाडीत ती पोटापाण्याची होती.

आता हिशेब. तीस तिथ्यांत भरती बरोबर चोवीस तास मागे पडून पुन्हा मूळ जागी येते. म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊणकी धरते ४५. रोज तीन मिनिटांची तूट, पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तास. म्हणून पौर्णिमेला पाऊणकीने सव्वाअकरा येतात आणि प्रतिपदेपासून पुन्हा नव्याने मोजणी. खरं तर चार पंचमांश हवं, पण चार पंचमांशाचा पाढा कोण पाठ करणार! शिवाय भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, मालवणला आधी नि मुंबईला नंतर, त्यामुळे प्रत्येक बंदराची थोडी वजाबाकी वेगळी. हे जाणत्या खारव्याला तोंडपाठ असतं, पुस्तकात नसतं.

बाई, हे भागात घ्या हो. पाऊणकी चुकते कुठे आणि का, हे कळलं की आजोबांचा हिशेब आणि खगोलाचा हिशेब एकाच पाटीवर येतात.

सड्यावरची_बाई · १५ ऑगस्ट, दुपारी ४:००

जाळीवालो, तुमचा मेसेज घरात सगळ्यांना वाचून दाखवला. आजोबांना नमस्कार सांगा. दोन भरत्यांचा प्रश्न मला पुस्तकातून माहीत आहे, पण तो फळ्यावर बाण काढून शिकवते. आवाजात बाण काढता येत नाहीत. दोन दिवस तेच डोक्यात आहे.

जुना_रेडिओ · १६ ऑगस्ट, सकाळी ११:२५

'नुसत्या आवाजात कोण ऐकतं' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगा. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने 'रेडिओ ग्रामसभा' म्हणता येईल असा प्रयोग केला. घाटावरचे पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक माणसांचा गट रेडिओभोवती बसायचा, शेतीचा, आरोग्याचा कार्यक्रम ऐकायचा, मग रेडिओ बंद करून आपापसात चर्चा. प्रश्न निघाले की ते लिहून केंद्राकडे जायचे आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तर. पाहणी करणाऱ्यांना आढळलं की ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांच्यापेक्षा गट असलेल्या गावांत माणसं कितीतरी जास्त शिकली.

मालवणच्या खोपीत जे झालं ते हेच. आठ माणसं, एक डबा, आणि एक प्रश्न जो परत आला. डाउनलोडचा आकडा सोडा, किती प्रश्न परत आले ते वहीत लिहीत चला.

आणि मराठीतून विज्ञान म्हणजे काही आजचं खूळ नव्हे. 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर देवगडातल्या पोंभुर्ल्याचे. १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढलं, त्यात भूगोल, पदार्थविज्ञान असले विषय सोप्या मराठीत असायचे. त्यांचे वाचकही आजच्या मानाने थोडकेच असतील.

विजयदुर्गकर · १६ ऑगस्ट, रात्री ९:०५

आकाशराव, तुमचं वाचलं. मग मी माझ्या काकांना विचारलं, ते किल्ल्यावर येणाऱ्यांना माहिती सांगतात. ते म्हणाले, "आम्ही ऐकलं ते सांगतो." मी विचारलं कुणाकडून ऐकलं, तर म्हणाले, "असंच."

माझा राग थोडा उतरलाय. पूर्ण नाही. बाई, भाग नव्याने केलात तर 'विजयदुर्गवाले खोटं बोलतात' असा सूर लावू नका एवढीच विनंती. अंधार आमच्यावर पडला होता हे ठळक सांगा.

सड्यावरची_बाई · १७ ऑगस्ट, रात्री ११:५०

विजयदुर्गकर, एक विचारते. तुम्हीच याल का बोलायला? फोनवरून चालेल. तुम्ही काकांची गोष्ट सांगा, मी माझ्या सहलीची सांगते, मग आकाशरावांचं.

विजयदुर्गकर · १८ ऑगस्ट, सकाळी ६:४५

मी? बरं. पण रेंज विहिरीजवळच येते. मागे पंप चालू असेल.

सड्यावरची_बाई · २२ ऑगस्ट, रात्री १०:१५

झालं एकदाचं. काय केलं ते सांगते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

जुना भाग उडवला नाही, पण त्याची फाइल बदलली. आता सुरुवातीलाच माझ्या आवाजात चाळीस सेकंद: "या भागात मी एक चूक केली आहे, लॉकियर विजयदुर्गावर नव्हते, खरं काय ते पुढच्या भागात." मग मूळ भाग तसाच. अडचण अशी की ज्यांनी आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडे जुनाच राहणार, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्यावर तर कोणाचाच ताबा नाही. म्हणून त्याच तीन गटांत दुरुस्तीचा वेगळा दीड मिनिटाचा तुकडा टाकला. परिपाठाच्या शाळेत फोन केला. तिथले सर म्हणाले, "लावतो की उद्या. पोरांना बाईंची चूक ऐकायला जास्त आवडेल."

नवा भाग बावीस मिनिटांचा. पंपाचा आवाज आहे. विजयदुर्गकर छान बोलले, काकाही मध्येच घुसले आणि म्हणाले, "मग मी आता लोकांना काय सांगू?" तो प्रश्न कापला नाही. उत्तर त्यांनीच दिलं, "सांगेन की अंधार इथे झाला, रेषा तिकडे ओळखली."

कलमवाल्यांचं ऐकून सालं दोनदा सांगितली. 'अठराशे अडुसष्ट, म्हणजे सत्तावनच्या उठावानंतर अकरा वर्षांनी.' आणि फाइल एकपदरी (मोनो), ६४ केबीपीएसवर काढली. वीस मिनिटं साडेनऊ-दहा एमबीत बसतात, विहिरीजवळही उतरते. पूर्वी उगाच दुप्पट जड करत होते, बोलण्याला त्याने काडीचा फरक पडत नव्हता.

कलमवाला_देवगड · २३ ऑगस्ट, सकाळी ६:३०

ऐकला. उत्तम. मेच्या सुमारास हापूस आंब्यातल्या साक्यावर भाग करा. फळ बाहेरून सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखं, खायला नालायक. पेटी मुंबईला गेल्यावर कळतं. कोय आतल्या आत रुजायला लागते त्याच्याशी संबंध आहे असं संशोधक म्हणतात, तर बागायतदारांत प्रत्येकाचं वेगळं कारण. रत्ना जातीत साका नाही, मग लोक रत्नाच का लावत नाहीत, हेही विचारा कोणाला तरी. मी बोलेन, पण दाबून विचारलंत तरच.

जाळीवालो · २९ ऑगस्ट, रात्री ७:३०

नारळ सोडून झालो, होड्यो लोटल्यो. बाईंनू, दोन भरत्यांचा काय झाला? आजे रोज इचारतत.

सड्यावरची_बाई · २९ ऑगस्ट, रात्री ९:४५

बघा जमतंय का, अजून रेकॉर्ड केलेलं नाही. आजोबांवर आधी चाचणी घ्या.

एका रांगेत तीन होड्या, सगळ्या सारख्या वेगाने चाललेल्या, मध्ये सारखं अंतर. चंद्र म्हणजे पुढून ओढणारा. तो जवळच्या होडीला जोरात ओढतो, मधलीला जरा कमी, शेवटचीला सगळ्यात कमी. थोड्या वेळाने काय दिसेल? पहिली मधलीच्या पुढे गेली आणि शेवटची मधलीच्या मागे राहिली. मधल्या होडीवर बसलेल्याला दोन्ही बाजूंना अंतर वाढलेलं दिसेल. मधली होडी म्हणजे आपली पृथ्वी. पुढची म्हणजे चंद्राकडचं पाणी, मागची म्हणजे पलीकडचं. म्हणून फुगवटा दोन्हीकडे, आणि पृथ्वी फिरताना आपण दिवसातून दोनदा त्यातून जातो.

जाळीवालो · ३० ऑगस्ट, सकाळी ५:५०

सांगितलंय. आजे पाच मिनटां गप होते. मगे म्हणाले, "मागची होडी ओढूक कमी पडली म्हणान मागे ऱ्हवली, बरोबर. पण मधल्या होडयेर बसान कोण बघता? आमी तर पाण्यार आसव."

ह्येचा काय सांगू?

गणितमास्तर · ३० ऑगस्ट, सकाळी ८:२०

आजोबांचा नंबर द्या.